टर्कीला उदाहरण हवं

आमच्या घरात तोंड जपून उघडावं लागतं. म्हणजे भांडायला, रडायला, आदळआपट करायला काही बंदी नाही, उलट उत्तेजनच आहे, पण बोलता बोलता एखादा इंग्रजी शब्द तोंडातून निसटला, की सासरे बोट वर करतात आणि म्हणतात, "पुन्हा म्हण." एकदा ते बोट वर गेलं की तुमचं वाक्य तुमचं राहत नाही. ते कोशात जातं.

मामंजी इंग्रजी-मराठी शब्दकोश करताहेत. मी लग्न होऊन आले तेव्हा एच चालू होता, नणंद कॉलेजातून बाहेर पडली तेव्हा पी. आमच्याकडे कुणी सालं सांगत नाही, अक्षरं सांगतात. त्यांचा नियम एकच, आणि तो लोखंडी: कानावर पडल्याशिवाय कागदावर नाही. शब्दाच्या प्रत्येक अर्थाला एक उदाहरण, आणि ते कुणीतरी खरोखर, स्वतःच्या गरजेपोटी, त्यांच्यासमोर बोललेलं असलं पाहिजे. मागून घेतलेल्या वाक्याला ते 'शिळं' म्हणतात, आणि शिळं त्यांना वासावरून कळतं. कानावर कायम पेन्सिल असते. अंघोळीला जाताना ती सासूबाईंच्या हातात देतात, बाहेर आल्यावर आधी पेन्सिल मागतात, मग टॉवेल.

या नियमानं घराची पार अब्रू गेली आहे. 'हेझिटेट' या शब्दाखाली आमच्या ह्यांनी मला घातलेली मागणी छापलेली आहे, सगळ्या 'म्हणजे कसंय'सकट. सासूबाई एकदा संतापून म्हणाल्या होत्या, "तुम्ही या घरातले डिक्टेटर आहात." मामंजींनी बोट वर केलं, त्यांच्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं, लिहिलं आणि मनापासून आभार मानले. त्यानंतर भांडण पुढे न्यायचं कसं, हे त्या माउलीला आजतागायत समजलेलं नाही.

कोश छापणाऱ्या छापखान्यात मी पानं लावते. प्रूफं घेऊन या घरात आले आणि प्रूफांबरोबर इथेच राहिले. त्यामुळे कुठलं अक्षर कधी मशीनवर चढणार, ते मामंजींच्या आधी मला कळतं. टीची पानं सोमवारी चढणार होती. सगळे शब्द तयार होते. अडून बसला होता फक्त एक: टर्की.

या एका शब्दानं आमच्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर तमाशा मांडला होता. मामंजींनी पहिल्याच दिवशी त्याची कुंडली वाचून दाखवली. टर्की हा आधी देश. तुर्क लोकांचा मुलूख, म्हणून लॅटिनमध्ये तुर्किया, आणि तिथून फिरत फिरत इंग्रजीत टर्की. 'तुर्क' म्हणजे बळकट, असं काही जण म्हणतात. काही जण म्हणत नाहीत. इथपर्यंत आम्ही शहाण्यासारखं ऐकलं. मग तो पक्षी आला.

"पक्षी मूळचा अमेरिकेतला," मामंजी म्हणाले. "त्याचा आणि त्या देशाचा काही संबंध नाही."

"मग त्याला टर्की का म्हणतात?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तुर्कांच्या मुलखातले व्यापारी आधी दुसरीच एक कोंबडी इंग्लंडात नेत असत. हा पक्षी आला तो इंग्रजांना तसाच दिसला. झालं, दिलं नाव चिकटवून."

"आणि त्या देशातले लोक याला काय म्हणतात?" नणंदेनं विचारलं.

"हिंदी. म्हणजे हिंदुस्थानातला."

सासूबाईंचा घास हातात राहिला. "हिंदुस्थानाचा काय संबंध?"

"काहीच नाही. फ्रेंचही हिंदुस्थानाचंच नाव घेतात. पोर्तुगीज म्हणतात पेरू, म्हणजे पुन्हा तिसराच देश. अरबांमध्ये काही ठिकाणी तो रोमचा कोंबडा आहे. मलायात डचांची कोंबडी."

आता टेबलावर कुणाला आवरेना. ह्यांना ठसका लागला. नणंद टेबलावर डोकं ठेवून हसत होती आणि मध्येच मान वर करून "डचांची कोंबडी" असं म्हणून पुन्हा खाली घालत होती. सासूबाई म्हणाल्या, "आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. सगळ्या जगानं ते कार्टं शेजाऱ्याच्या दारात नेऊन सोडलं, एवढंच." मामंजींना हे इतकं आवडलं की त्यांचं बोट अर्ध्यावर आलं, पण वाक्यात इंग्रजी शब्द नव्हता, म्हणून निराश होऊन खाली गेलं. शेवटी तो देशही कंटाळला, त्यांनी सांगितलं. आम्हाला इंग्रजीतही तुर्किये म्हणा, असं त्यानं जगाला कळवून टाकलं आहे.

पण इंग्रजी भाषा म्हणजे उधळलेलं वासरू. तिनं त्याच शब्दाला आणखी अर्थ जोडून ठेवलेले. टर्की म्हणजे बावळट माणूस. तो सासूबाईंनी त्याच आठवड्यात मुलाला उद्देशून वापरला, अगदी आतड्यातून. कोल्ड टर्की म्हणजे व्यसन एका झटक्यात सोडणं; ह्यांनी सिगारेट सोडली, दुसऱ्या दिवशी उशी फेकून मारत ते जे ओरडले त्यात तो अर्थ ताजाताजा मिळाला. टॉक टर्की म्हणजे आडपडदा न ठेवता बोलणं. ते मी छापखान्याच्या मालकाला फोनवर सुनावलं, दाराआड मामंजी उभे होते. आमचे हे बोलिंगच्या हॉलमध्ये यंत्रं दुरुस्त करतात, ती खेळातल्या पडलेल्या बाटल्या उचलून पुन्हा उभ्या करणारी. सलग तीनदा सगळ्या बाटल्या पाडल्या की त्यालाही टर्कीच म्हणतात, आणि हे तर कामावरून आल्यावर तासभर तेच बोलतात. अशा रीतीनं हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. शेवटचा अर्थ होता, सपशेल पडलेलं नाटक.

आणि शनिवारी नणंदेच्या पहिल्या नाटकाचा पहिला प्रयोग होता.

हे दोन्ही एकत्र कुणाच्या लक्षात आलं, ते आठवत नाही. मला वाटतं सगळ्यांच्या आलं होतं आणि सगळे अळीमिळी गुपचिळी करून बसले होते. फोडलं ते नणंदेनंच. मंगळवारी जेवताना तिनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"बाबा, शनिवारी तुम्ही माझ्या नाटकाला येणार, ते मुलीचं नाटक म्हणून की उदाहरण म्हणून?"

मामंजी म्हणाले, "प्रश्न नीट कळला नाही."

"नीट कळलाय. तुम्हाला सोमवारपर्यंत एक पडलेलं नाटक पाहिजे."

"मी काही मागत नाही. माझा नियम तुला ठाऊक आहे. कानावर पडलं तर घेतो, नाही पडलं तर नाही."

"पडलं तर घेणार?"

मामंजींनी कानावरची पेन्सिल चाचपली. त्यांना खोटं बोलता येत नाही, सराव नाही.

"तुम्ही जन्मभर माझे शब्द ऐकलेत," नणंद म्हणाली. "मी काय बोलते ते कधी ऐकलं नाहीत. हे नाटक मी तेवढ्यासाठी लिहिलंय, की दोन तास तुम्हाला गप्प बसून माझं ऐकावं लागेल. तेही तुम्ही पेन्सिल लावून ऐकणार असाल तर येऊ नका."

ती उठून गेली. तिचं ताट तसंच राहिलं, आणि मला फार वाईट वाटलं. या पोरीनं दोन वर्षं, चुकले, आर आणि एस ही दोन अख्खी अक्षरं खपून ते नाटक लिहिलं होतं.

मग सासूबाई, मी आणि हे असा आमचा कट शिजला. त्या अर्थाचं उदाहरण शनिवारच्या आधीच दुसऱ्या कुठल्या तरी नाटकावरून मामंजींच्या कानात पडलं पाहिजे. एकदा पडलं की शनिवारी त्यांचे कान मोकळे. हे भलतेच उतावळे. बुधवारी सकाळी टीव्हीवरच्या कसल्याशा नाटकाकडे बोट करून ते म्हणाले, "हे म्हणजे अगदी टर्की आहे हं."

मामंजींनी पेपरातून डोकं वर केलं नाही. "शिळं."

तेव्हा आम्ही मोठा घाट घातला. गावातल्या दुसऱ्या थिएटरात एक विनोदी नाटक चालू होतं. पेपरांनी त्याची सालटी काढली होती, तिकिटं अर्ध्या किमतीला मिळत होती, आणि तरी कुणी घेत नव्हतं. शुक्रवारी आम्ही मामंजींना तिथे घेऊन गेलो. आमच्या मागे दोन रांगांत मिळून एक गृहस्थ झोपले होते. वाटलं, घोडामैदान जवळच आहे. मध्यंतरात कुणी ना कुणी बोलेलच.

आणि मामंजी हसायला लागले. पहिल्या प्रवेशात नटाची मिशी निघाली तिथपासून जे हसले, ते पडदा पडेपर्यंत. रिकाम्या थिएटरात त्यांचं एकट्याचं हसणं घुमत होतं. नट आधी दचकले, मग हुरूपले, मग फक्त त्यांच्याकडे बघून नाटक करू लागले. मागचे गृहस्थ जागे झाले आणि तेही हसू लागले. शेवटी थिएटरचा मॅनेजर बाहेर येऊन मामंजींचे दोन्ही हात धरून उभा राहिला.

मी खडा टाकून पाहिला. "गर्दी जरा कमी वाटली."

"नाटक हळूहळू उचलतंय," मॅनेजर म्हणाला. "क्लासिक आहे हो. प्रेक्षक तयार नाहीत." आणि अभिमानानं छाती काढून उभा राहिला. दुसऱ्याच्या नाटकाला टर्की म्हणायला जीभ वळते, स्वतःच्याला कुणाची वळलीय? पालथ्या घड्यावर पाणी. घरी जाताना सासूबाईंनी आम्हा दोघांकडे असं पाहिलं, की जणू ती मिशी आम्हीच चिकटवली होती.

शनिवारी दुपारी आम्ही नणंदेच्या प्रयोगाला गेलो. दारातच सासूबाईंनी हात पुढे केला. मामंजींनी निमूटपणे कानावरची पेन्सिल दिली. मग सासूबाईंनी दुसरा हात पुढे केला, आणि त्यांनी मोज्यातली पेन्सिल दिली.

नाटक दोन बहिणींचं होतं. आई गेल्यावर त्या घर वाटून घ्यायला बसतात. खोलीत आईचं एक कपाट, तेव्हापासून न उघडलेलं. ते अगदी शेवटी उघडायचं, आणि आत काय आहे ते पाहून प्रेक्षकांनी रडायचं. लिखाण फार चांगलं होतं, हे मी पानं लावणारी म्हणून सांगते, वहिनी म्हणून नाही. पण हॉल लहान, विंगा अरुंद, प्रॉम्प्टरला उभं राहायला जागा नाही. म्हणून कुणा शहाण्यानं प्रॉम्प्टरला कपाटात बसवला होता.

थोरली बहीण म्हणाली, "या कपाटाला आईनंतर कुणी हात लावलेला नाही." आणि कपाट आपोआप उघडलं. आत एक जाडजूड इसम स्टुलावर बसलेला, दातांत टॉर्च, मांडीवर संहिता. तो प्रेक्षकांकडे पाहून ओशाळं हसला, टॉर्च तोंडातून काढली, थोरलीला तिचं पुढचं वाक्य सांगितलं आणि आतून दार ओढून घेतलं.

मी जीभ चावून धरली. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. पण प्रेक्षकांना कुणी बांधलं होतं? त्यानंतर ते दार काही बंद राहीना. धाकटी रडायला लागली, उघडलं. थोरलीनं आईचं नाव घेतलं, उघडलं. एकदा धाकटीनं पाठ लावून ते दाबून धरलं आणि पूर्ण स्वगत तिथूनच म्हटलं, तर आतून आवाज आला, "ताई, गुदमरतोय." सगळा हॉल हसून लोटपोट झाला. मध्यंतरानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि उरलेले कपाटाकडे डोळे लावून बसले होते. विंगेत नणंदेचा चेहरा दिसत होता, चुना लावलेल्या भिंतीसारखा. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पाणी कधी दुसरं झालं, मला कळलं नाही.

मामंजी मात्र हसले नव्हते. हात मांडीवर ठेवून, पुढे वाकून ते ऐकत होते. काल मिशी निघाली म्हणून लोळणारा माणूस आज प्रॉम्प्टर दिसला तरी ढिम्म.

तेवढ्यात आमच्या मागून आवाज आला. कालचा मॅनेजर. दुसऱ्याचं नाटक पडताना बघायला तिकीट काढून आला होता. तो शेजाऱ्याला सांगत होता, आणि धंद्यातला आवाज, कुजबुजला तरी स्टेजपर्यंत जाणारा:

"धिस इज अ टर्की. अस्सल टर्की."

मामंजींचं बोट वर गेलं. सवयीनं, आपोआप. मी ह्यांचा हात धरला, ह्यांनी सासूबाईंचा. ताजं, न मागितलेलं, पोटातून आलेलं. असं वाक्य ते आयुष्यभर शोधत आलेत. विंगेतून नणंद त्या बोटाकडेच बघत होती.

मामंजी मागे वळले.

"पुन्हा म्हणू नका," ते म्हणाले.

मॅनेजरनं त्यांना ओळखलं. "अहो, तुम्ही तर काल..."

"काल मी हसायला आलो होतो. आज ऐकायला आलोय. शिवाय तुमच्या बोलण्याला असूयेचा वास येतोय, ते घेण्यालायक नाही." आणि ते पुन्हा पुढे वळून, हात मांडीवर ठेवून बसले.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. मी चहा केला, तो सगळ्यांनी समोर ठेवून थंड केला. हे मध्येच एकदा "ताई, गुदमरतोय" आठवून फिसकले आणि सासूबाईंच्या नजरेनं जागच्या जागी वाळले. नणंद अजून नाटकाच्याच कपड्यांत होती, केसांत स्टेजवरची धूळ.

"बाबा," ती म्हणाली, "त्याचं वाक्य तुम्ही घेतलं नाहीत. असूया होती म्हणून. ठीक आहे. मग माझं घ्या. माझ्यात असूया नाही. माझं नाटक टर्की होतं."

 नियमात हे वाक्य कुठेही अडत नव्हतं. मागितलेलं नव्हतं. शिळं नव्हतं. अख्ख्या जगानं दुसऱ्याच्या नावावर घातलेलं ते कार्टं या पोरीनं एकटीनं आपलं म्हटलं होतं.

मामंजींचं बोट वर गेलं नाही. त्यांनी चहाचा कप उचलला.

"काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

"माझं नाटक टर्की होतं," ती मोठ्यानं म्हणाली.

"कान गेलेत माझे हल्ली."

"कान गेलेत म्हणे," सासूबाई उसळल्या. "शेजारच्या घरात कुणी 'थँक यू' म्हटलं तरी भिंतीला..." आणि त्या थांबल्या. त्यांच्या लक्षात आलं. त्या उठून उगाचच स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे बराच वेळ काहीही न करता भांडी वाजवत राहिल्या.

"दुसऱ्या प्रवेशात धाकटी म्हणते ना," मामंजी कपाकडे बघत म्हणाले, "की आईला माझा आवाज ओळखू यायचा, पण मी काय म्हणतेय ते तिला कधी विचारावंसं वाटलं नाही. ते ऐकू आलं. कपाट उघडं होतं तेव्हा, पण आलं."

नणंद उठली. खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

रविवारी दुपारी मामंजींनी शेवटचा कागद माझ्याकडे दिला. टर्की, देश, टर्की, पक्षी, बावळट, बोलिंगमधलं ते, सगळं उदाहरणांसकट. आणि शेवटी, नाट्य, सपशेल पडलेलं नाटक, आणि त्यापुढे त्यांच्या ठसठशीत अक्षरात: 'उदाहरण ऐकण्यात आलेलं नाही.' एपासून टीपर्यंत असा शेरा दुसरा नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. सगळी पानं मीच लावली आहेत.

"मामंजी, हे खोटं आहे," मी म्हटलं. "अख्ख्या हॉलनं तुम्हाला ते ऐकताना पाहिलंय."

"सूनबाई, पानं लावणाऱ्यांनी पानं लावावीत."

"लावते. पण कोशात चूक राहील."

"राहू दे." ते खिडकीबाहेर पाहत होते. "त्या पक्ष्याला प्रत्येकानं दुसऱ्याच्या दारात सोडलं. माझ्या मुलीच्या दारात मी नाही बांधणार."

सोमवारी पान मशीनवर चढलं. पहिला छापलेला कागद मी घरी आणला आणि काही न बोलता नणंदेच्या टेबलावर ठेवला. तिनं वरपासून वाचायला सुरुवात केली. देशापाशी काही नाही, डचांची कोंबडी आठवून पक्ष्यापाशी थोडी हसली, बावळट माणसाच्या उदाहरणापाशी आणखी थोडी. मग शेवटच्या ओळीवर आली आणि तिथेच राहिली.

"वहिनी, हे असंच छापलंय? सगळ्या प्रतींत?"

"सगळ्या प्रतींत."

तिनं त्या कागदाची नीट घडी घातली. मग खणातून चार पानं काढली, खाडाखोड केलेली, आणि मामंजींच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागून गेले. असल्या वेळी घरातल्या सुनेनं लाजायचं नसतं.

"बाबा, दुसरं लिहायला घेतलंय. यात कपाट नाही. पहिला प्रवेश वाचून दाखवू का?"

मामंजींसमोर यू हे अक्षर उघडं पडलं होतं. त्यांनी ते मिटलं, तिच्यासाठी खुर्ची ओढली, आणि कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.